कोणकोणती महानगरं फिरलात? नुसती नावं नकोत, सविस्तर लिहा

मृदगंध

नमस्कार मंडळी,

प्रवासाचे धागे इथे पुष्कळ आहेत, पण ते बहुतेक गडकिल्ल्यांचे, समुद्रकिनाऱ्यांचे आणि देवस्थानांचे. मोठ्या शहरांबद्दल लिहायची वेळ आली की "गर्दी फार, ट्रॅफिक फार, एका दिवसात उरकून पुढे निघालो" एवढ्यावर विषय संपतो. मला मोठी शहरं मनापासून आवडतात. सुट्टी साठवून मी शहरं बघायला जाते. माझ्यासारखे आणखी कोणी असतील तर त्यांच्याशी बोलावं म्हणून हा धागा.

आधी महानगर कशाला म्हणायचं ते ठरवून घेऊ. ७४व्या घटनादुरुस्तीप्रमाणे १० लाख किंवा त्याहून जास्त वस्तीचा प्रदेश म्हणजे महानगर क्षेत्र. २०११च्या जनगणनेत देशात अशी ५३ नागरी क्षेत्रं होती आणि त्यातली सहा महाराष्ट्रात: मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, वसई-विरार आणि औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर). ही यादी फार लांबते. सरकारी नोकरांना घरभाडे भत्त्याची 'एक्स' वर्गातली आठ शहरं तोंडपाठ असतात: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद, पुणे. देशापुरती हीच धरू. परदेशातलं कुठलंही मोठं शहर चालेल.

मोजायचं कसं, याचा माझा नियम असा: किमान एक रात्र मुक्काम, तिथली माणसं रोज ज्या वाहनाने कामाला जातात त्याने एक लांबचा प्रवास, आणि पहाटे भाजी, फुलं, मासळी जिथे उतरते त्या बाजारात एक चक्कर. नुसतं विमान बदलायला उतरलात ते धरू नका.

सुरुवात कोलकात्यापासून करते, कारण ते माझं सगळ्यात लाडकं.

हावडा स्टेशनातून बाहेर आलात की टॅक्सीच्या रांगेकडे न जाता सरळ घाटावर जा. तिथून पलीकडे लाँच जातात. डब्याच्या पिशव्या घेतलेले कारकून, सायकल घेऊन चढलेला दूधवाला, कॉलेजची मुलं, सगळे उभ्यानेच हुगळी ओलांडतात. बाजूला हावडा पूल दिसत असतो. १९४३ साली सुरू झालेला हा पूल नटबोल्टांवर नव्हे, रिव्हेटांवर उभा आहे. पुलाच्या पलीकडच्या टोकाखाली मल्लिकघाटाचा फुलबाजार भरतो. पहाटे पाचला जा. झेंडूच्या माळा एकेक विकत नाहीत. जाडजूड जुडगे करून हमालाच्या खांद्यावर टाकतात, आणि माणूस दिसेनासा होऊन नुसता पिवळा-केशरी भारा चालत येतो. कालीला लागणाऱ्या तांबड्या जास्वंदीचे ढीग वेगळे. पाय चिखलात, वर फुलांचा वास, आणि भाव ओरडून ठरतो.

हीच नदी तीन प्रकारे ओलांडा: एकदा लाँचने, एकदा पुलावरून पायी, आणि एकदा जमिनीखालून. देशातली पहिली भुयारी मेट्रो इथली, १९८४ सालची, एस्प्लनेड ते भवानीपूर. २०२४पासून ती हुगळीच्या तळाखालूनही धावते. ट्राम इथे १८७३पासून आहे. मुंबईची ट्राम १९६४मध्ये बंद पडली. इथली आता मोजक्या मार्गांवर उरली आहे. ती असेपर्यंत बसून घ्या, ही कळकळीची विनंती. खिडकीतून दुकानाच्या पाट्या वाचत जाता येईल इतक्या सावकाश ती चालते.

आता तुम्ही लिहा.

कोथिंबीर

मस्त धागा, वाचतेय. पुणेकरांनी पुणं धरायचं का?

मृदगंध

राहतं शहर नको, ताई. तिथे आपण प्रवासी नसतो.

दूरदेशी

नियम आवडला. नोकरीमुळे परदेशात बरीच वर्षं गेली, त्यामुळे माझी यादी तिकडची.

लंडनची भुयारी रेल्वे जगातली पहिली, १८६३ची, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन. लंडनला गेलेला प्रत्येक जण टॉवर ब्रिज आणि राजवाडा बघतो. मी आपल्या माणसांना आधी चॉक फार्म स्टेशनला उतरायला सांगतो. तिथून थोडं चाललं की १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२च्या सुमारास बाबासाहेब या घरात राहत होते. २०१५मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. शांत, झाडांची गल्ली आहे, दोन्ही बाजूंना एकसारखी घरं. स्मारक पाहून झाल्यावर तिथून ब्रिटिश म्युझियमपर्यंत पायी जा. पाऊण-एक तास लागतो. म्युझियमच्या ग्रंथालयात ते तासन् तास वाचत बसत. थंडीत, अपुऱ्या पैशांत शिकणाऱ्या त्या विद्यार्थ्याचं लंडन बसच्या खिडकीतून दिसत नाही, पायाखालून जातं तेव्हा थोडंफार कळतं. मी जेव्हा जेव्हा कोणाला घेऊन गेलोय, ते वाटेत गप्प झालेत.

न्यूयॉर्कमध्ये याच वाटेचा आधीचा टप्पा आहे, कोलंबिया विद्यापीठ, १९१३ ते १६. तिथल्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. न्यूयॉर्कची सबवे १९०४ची आणि चोवीस तास चालणारी. रात्री तीन वाजता डब्यात रुग्णालयातून सुटलेल्या परिचारिका, हॉटेलात भांडी घासून निघालेले कामगार, पेपरवाले भेटतात. ते शहर कोणाच्या जिवावर चाललंय ते त्या वेळी दिसतं. पैसे कमी असतील तर स्टेटन आयलंडची फेरीबोट घ्या. १९९७पासून फुकट आहे आणि स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा वाटेतच दिसतो.

पण या सगळ्यांत मला पुन्हा जावंसं वाटतं ते इस्तंबूल. एमिनोन्यूच्या धक्क्यावरून कादिकोयची बोट पकडायची. युरोपातून आशियात जायला वीसेक मिनिटं. इथल्या लोकांना त्याचं काही विशेष नाही. ते ऑफिसातून घरी चाललेले असतात. बोटीवर पोऱ्या तबकात चहाचे छोटे पेले घेऊन फिरतो. पेल्याला कान नसतो, कडेला दोन बोटांनी धरायचा, दूध नाही, बशीत साखरेचे दोन खडे. हातात तीळ लावलेला कड्यासारखा गोल पाव, म्हणजे सिमित. त्याचे तुकडे लोक हवेत उडवतात आणि समुद्रपक्षी वरच्या वर झेलतात. २०१३मध्ये बॉस्फरसच्या तळाखालून मार्मराय रेल्वे सुरू झाली, वेळ वाचतो, तरी बोटी भरूनच जातात.

आखाती

दुबईबद्दल बोलतो, कारण विमान बदलणाऱ्यांमुळे या शहराचं नाव उगाच खराब होतं. तुमच्या नियमात दुबई अगदी व्यवस्थित बसते. मॉल बाजूला ठेवा. देरा आणि बर दुबईच्या मध्ये खाडी आहे. तिच्यावर आब्रा नावाच्या लाकडी होड्या चालतात, एक दिरहम भाडं, मध्ये बाक, दोन्हीकडे पाय सोडून बसायचं. शेजारी पेशावरचा ड्रायव्हर, केरळचा दुकानदार, फिलिपिन्सची नर्स. पलीकडे मसाल्यांचा आणि सोन्याचा बाजार. रत्नागिरी-रायगडकडची कितीतरी घरं या खाडीकाठच्या पगारावर उभी राहिलीत. शुक्रवारी संध्याकाळी तिथे जाऊन उभे राहा, घरी फोन लावून बोलणाऱ्यांच्या किती भाषा कानावर पडतात ते ऐका.

येरळाकाठ

मी खानापूर तालुक्यातला, विट्याजवळचा. आमच्याकडं महानगरं पाहायला कोणी जात नाही, पोटासाठी जातात. पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आमचा भाग दुष्काळी. शेतीवर भागंना म्हणून आज्यांच्या पिढीपासून माणसं गलाईच्या धंद्यात बाहेर पडली. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, या पट्ट्यातली घरं कोलकात्यापासून केरळपर्यंत पसरलीत. ज्या गावात सराफ बाजार आहे तिथं आमच्यापैकी कोणीतरी असतोच. दिल्लीत चांदणी चौकात कूचा महाजनी, चेन्नईत साहुकारपेट, कोलकात्यात बडाबाजार. ही तिन्ही शहरं मला पहिल्यांदा भट्टीच्या खोलीतनं दिसली.

गलाई म्हणजे काय, तर जुना दागिना आटवून शुद्ध सोनं काढायचं. मुशीत दागिना वितळवायचा, वर टाकणखार. त्यात चांदी मिसळायची, पातळ पत्रा करायचा आणि तो तेजाबात उकळायचा. चांदी-तांबं विरघळतं, सोनं तळाला राहतं. ते धुऊन घेतलं की तपकिरी मातीगत दिसतं. पुन्हा मुशीत घातलं की पिवळं होतं. तेजाबाची वाफ छातीत जाते, म्हणून खोलीला धुराडं लागतं. खोली पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर, जिना अंधारा, खाली दुकानं. रात्री तिथंच पथारी. माझे वडील तमिळ फर्डं बोलतात, चुलते बंगाली. शाळा चौथी-सातवी.

बाजाराचा म्हणाल तर तुमच्या नियमातला बाजार आम्हाला बाराही महिने घरासमोर. साहुकारपेटला मिंट स्ट्रीटच्या बाजूला सकाळी मारवाडी मिठाईची दुकानं उघडतात, दुपारी सराफांची वर्दळ. तिथनं चालत थंबू चेट्टी स्ट्रीटवर कालिकांबाळ अम्मनचं देऊळ आहे. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ साली, शिवाजी महाराज इथं दर्शनाला आले होते असं देवळात सांगतात. आमची माणसं नवं दुकान टाकलं की पहिला नारळ तिथं फोडतात. चेन्नईला गेलेल्या मराठी माणसानं मरीना बीचच्या आधी हे देऊळ करावं.

दसऱ्याला विट्यात पालख्यांची शर्यत असती. तेव्हा देशातल्या सगळ्या बाजारपेठांतनं माणसं गावाकडं येतात आणि पारावर बसून शहरांचीच तुलना चालते. कुठं पाणी बरं, कुठं पोलीस त्रास देत नाहीत, कुठला सराफ उधारी वेळेवर देतो, कुठं मुलांच्या शाळा चांगल्या. हैदराबादची हवा कोरडी, आमच्यासारखी, म्हणून म्हाताऱ्यांना सोसती. कोलकात्यात स्वस्ताई, पण घाम. कोईमतूरला पाणी गोड. हे कोणी कुठं लिहून ठेवलेलं नाही.

मृदगंध

येरळाकाठ, हे वाचून मी दोन मिनिटं काही टंकू शकले नाही. तुमच्या वडिलांना आणि काकांना नमस्कार सांगा. जमलं तर पारावरच्या त्या गप्पा खरंच लिहून काढा, वेगळ्या धाग्यात. आम्ही सगळे वाचू.

कोथिंबीर

+१. नक्की लिहा दादा.

गोदाकाठचा

मृदगंधताई, नियमाला थोडी हरकत आहे. मी नांदेडचा. आमच्या मराठवाड्यातला माणूस मोठं शहर पाहतो ते बहुतेक दवाखान्यासाठी, आणि ते शहर हैदराबाद असतं. मुंबई लांब पडते. रात्री गाडीत बसलं की सकाळी सिकंदराबाद. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आम्ही तिथं राहिलो. रोज दवाखाना ते खोली, खोली ते दवाखाना. पहाटेचा बाजार कुठून बघणार? पण मी ते शहर पाहिलं नाही असं मला कोणी म्हणू नये.

आम्ही १९५६पर्यंत एकाच राज्यात होतो. निजामाच्या राज्यातून सुटका झाली ती १७ सप्टेंबर १९४८ला. आजोबांच्या बोलण्यात शेवटपर्यंत हैदराबादचा उल्लेख आपलं गाव असल्यासारखा असायचा. त्यांचं शिक्षण तिथलं, उर्दू माध्यमातलं. कोटी, सुलतान बाजार, काचीगुडा या भागात जुनी मराठी घरं अजून आहेत. इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. आईचे डोळे बांधलेले असताना दुपारी मी तिथं जाऊन बसायचो. बाहेर तेलुगू-दखनीचा गलका, आत कपाटांत मराठी पुस्तकं.

दवाखान्याबाहेरच्या इराणी हॉटेलात चहा आणि उस्मानिया बिस्किट. नातेवाईक पेशंटच्या काळजीत बसलेले, वेटर कोणाला उठवत नाही. रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. पट्टी सोडल्यावर आईनं मला पहिलं विचारलं, चारमिनार किती लांब आहे? १५९१ची ती इमारत तिनं रिक्षातून उतरून, हाताचा आडोसा करून बघितली. लाड बाजारातून लाखेच्या बांगड्या घेतल्या.

म्हणून म्हणतो, ज्या कारणासाठी गेलो ते कारणसुद्धा मोजा.

मृदगंध

हरकत शंभर टक्के मान्य. नियम असा वाचावा: मुक्काम हवा आणि तिथल्या लोकांत मिसळणं हवं. कामाला, दवाखान्याला, परीक्षेला, कशालाही गेलेले असा. आईंना आता दिसतं ना नीट?

गोदाकाठचा

हो ताई, सुईत दोरा ओवते.

रातराणी

मी एकटीने फिरते. माझी शहरांची तुलना दोनच गोष्टींवर चालते: रात्री नऊनंतर मला एकटीला परत येता येतं का, आणि दिवसभर फिरताना स्वच्छतागृह मिळतं का. बाकी जेवण, इतिहास, इमारती सगळं त्यानंतर.

पहिल्या प्रश्नात मुंबईला तोड नाही. महिलांचा डबा, १९९२पासून लेडीज स्पेशल, आणि मुख्य म्हणजे रात्री अकरालासुद्धा डब्यात भाजी निवडणाऱ्या, झोपलेल्या, हिशेब लिहिणाऱ्या बायका असतात. पहारेकऱ्यापेक्षा त्यांचा आधार वाटतो. दिल्लीत मेट्रोचा पहिला डबा २०१०पासून बायकांसाठी राखीव आहे. मेट्रोत असेपर्यंत मी निर्धास्त असते. स्टेशनच्या जिन्यावरून खाली उतरून रिक्षा शोधायची वेळ आली की पदर सावरून चालावं लागतं. चेन्नईत लोकल, उन्नत रेल्वे आणि मेट्रो असे तिन्ही प्रकार आहेत. मेट्रोची स्टेशनं झगझगीत; वेलाचेरीच्या उन्नत रेल्वेची काही स्टेशनं इतकी अवाढव्य आणि रिकामी की संध्याकाळी एकटीने जाऊ नये. कोलकात्यात रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत माणसं गप्पा मारत बसलेली असतात, त्यामुळे भीती कमी वाटते.

दुसऱ्या प्रश्नात सगळ्यांच्या पुढे टोकियो. जवळजवळ प्रत्येक स्टेशनात फुकट, स्वच्छ, कागद आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह. लंडनच्या कित्येक भुयारी स्टेशनांत ते मिळत नाही, न्यूयॉर्कच्या सबवेत तर शोधत बसावं लागतं, म्हणजे श्रीमंतीचा आणि याचा संबंध नाही. आपल्याकडे मुंबईत बायकांनी २०११मध्ये 'राइट टू पी' अशी मोहीमच उभारली, कारण पुरुषांना फुकट असलेल्या मुतारीच्या शेजारी बायकांकडून पैसे घेतले जात होते. शहर बघायला निघालेली बाई सकाळपासून पाणी पीत नाही, हे पुरुष प्रवाशांच्या लक्षातही येत नाही. कोणीही शहराबद्दल लिहाल तेव्हा हे दोन प्रश्न तुमच्या बरोबरच्या बाईला विचारून लिहा.

दूरदेशी

रातराणी, हे मी माझ्या प्रतिसादात लिहायलाच हवं होतं. सौ.ला विचारलं. ती म्हणते इस्तंबूलमध्ये मशिदींच्या आवारात सोय असते, बहुतेक ठिकाणी थोडे पैसे देऊन.

नकाशेवाला

नगररचना हा माझा कामाचा विषय, म्हणून दोन गोष्टी.

पहिली, लोकसंख्येच्या क्रमवारीवर शहरं मोजू नका. वर्षानुवर्षं टोकियो पहिलं असं आपण पाठ केलं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५च्या अहवालात जकार्ता पहिलं, ढाका दुसरं आणि टोकियो तिसरं आलं. टोकियोतली माणसं रातोरात कुठे गेली नाहीत. शहराची हद्द कशी धरायची ती पद्धत बदलली. मुंबई महापालिकेची हद्द मुलुंड-दहिसरला संपते, पण कर्जतहून आणि विरारहून रोज येणारा माणूस मुंबईतलाच की नाही? एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेशाचं विकास प्राधिकरण, १९७५ सालीच त्यासाठी स्थापन झालं.

दुसरी, माझी प्रवासातली सवय. नव्या शहरात गेलो की मी पाणी कुठून येतं ते विचारतो. रिक्षावाल्याला, लॉजच्या मालकाला, कोणालाही. उत्तरातून शहर उलगडतं.

बंगळुरूला नदी नाही. कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, मोठा चढ चढवून आणतात. जुनं शहर तळ्यांवर जगत होतं. आज मॅजेस्टिकला ज्या बसस्थानकावर तुम्ही उतरता ते धर्मांबुधी तळ्याच्या जागेवर आहे. आपल्या लोकांना हे शहर शहाजीराजांची जहागीर म्हणून माहीत असतं. त्या काळी इथलं सगळं जगणं या तळ्यांच्या काठी होतं. हैदराबादला १९०८च्या महापुरात मुसी नदीने हजारोंचे बळी घेतले, आणि पूर अडवायला वर उस्मानसागर, हिमायतसागर बांधले, तेच पुढे शहराला पाणी पाजू लागले. चेन्नईत २०१९च्या उन्हाळ्यात तळी आटली तेव्हा जोलारपेटहून रेल्वेने पाणी आणलं. लातूरकरांना हे सांगायला नको; २०१६मध्ये मिरजेहून त्यांच्याकडे पाण्याची रेल्वे गेली होती.

आणि मुंबई. भातसा, तानसा, वैतरणा, बहुतेक धरणं ठाणे-पालघरच्या डोंगरात. शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन चालतात, आणि शेजारून शहराकडे जाणारी जलवाहिनी जाते. कोणाला मुंबई पूर्ण पाहायची असेल तर एप्रिल-मेमध्ये एक दिवस शहापूरला काढा. मी विद्यार्थ्यांना घेऊन जातो.

कोथिंबीर

मी मूळची शहापूरची. हे लिहिल्याबद्दल आभार.

सयाजीबाग

आम्ही बडोद्याचे, म्हणून अहमदाबादवर माझा हक्क. पाण्याचा विषय निघालाय तर तिथूनच सुरू करतो. जुन्या अहमदाबादेत पोळ म्हणजे एकाच दरवाज्याच्या आतली वस्ती. पोळीतल्या घराच्या चौकाखाली टांकं असतं. पावसाचं गच्चीवरचं पाणी तांब्याच्या नळातून खाली उतरवून त्यात साठवायचं. काळोख असल्यामुळे पाणी वर्षभर टिकतं. चौकातल्या फरशीला छोटं झाकण असतं. माहीत नसेल तर त्यावरून चालत पुढे जाल. घर दाखवणाऱ्या आजींनी झाकण उघडून आत आरसा धरला, उन्हाची तिरीप पाण्यावर पाडली आणि तळ दाखवला.

२०१७मध्ये या जुन्या शहराला युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं, देशातलं असं पहिलं शहर. महापालिकेची पदयात्रा १९९७पासून चालू आहे. सकाळी काळूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघते आणि जामा मशिदीपाशी संपते. तीच घ्या. पोळीतले चबुतरे बघा, खांबावर पाखरांसाठी दाणे ठेवायची कोरीव लाकडी घरटी. रायखडला गायकवाडांची हवेली आहे, अठराव्या शतकात अर्धं अहमदाबाद मराठ्यांच्या ताब्यात होतं त्याची खूण. माणेक चौकात दिवसा सराफा आणि रात्री खाण्याच्या गाड्या. येरळाकाठ, तिथंही तुमची माणसं असतील!

येरळाकाठ

हायत की. माझा आतेभाऊ माणेक चौकातच आहे.

उगवतीचा_देश

टोकियोबद्दल रातराणींनी लिहिलंच आहे. थोडी भर.

यामानोते ही टोकियोची गोल फिरणारी रेल्वे, ३४.५ किलोमीटर, ३० स्टेशनं, एक फेरी तासाभराची. पहिल्या दिवशी कुठेही न उतरता एक पूर्ण फेरी मारा, दुपारी, गर्दी नसताना. बऱ्याच स्टेशनांवर गाडी सुटताना वेगळी धून वाजते. काही दिवसांनी डोळे मिटूनही कळतं कुठे आलो. शिंजुकूला मात्र आधी बाहेर पडायचा दरवाजा ठरवूनच उतरा. जगातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन आहे. दादरचा पूल रोज ओलांडणाऱ्याला गर्दीची धास्ती नसते, पण तिथे सगळे गप्प असतात, ते अंगावर येतं. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहायचं, ओसाकात उजवीकडे.

मासळीबाजार २०१८मध्ये त्सुकिजीहून तोयोसूला हलला, तरी त्सुकिजीच्या बाहेरच्या गल्ल्यांतली दुकानं चालू आहेत. सकाळी जा. आणि निशी-कासाईला उतरलात तर मराठी कानावर पडेल, आपली बरीच कुटुंबं त्या भागात राहतात.

यमुनातीर

दिल्लीवर कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. दिल्लीत मराठी माणसाचा पत्ता म्हणजे पहाडगंज. नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवन तिथेच, स्टेशनपासून चालत. तालकटोऱ्याला १७३७मध्ये पहिल्या बाजीरावांची छावणी पडली होती, आणि २०२५च्या फेब्रुवारीत त्याच जागी ९८वं साहित्य संमेलन भरलं. मी मंडपात होतो. जळगाव, लातूर, सिंधुदुर्गातून रेल्वेने आलेली माणसं थंडीत स्वेटर घालून पुस्तकांच्या गाळ्यांत फिरत होती. मेट्रो २००२पासून आहे आणि तिच्यामुळे हे शहर प्रवाशाला सोपं झालं. पण पहाटेचा बाजार बघायचा तर गाझीपूरची फुलमंडी बघा.

आईबाबांसोबत

सगळे प्रतिसाद वाचले, वही करून ठेवतोय. एक सल्ला हवा. आई-बाबांना डिसेंबरअखेर एक मोठं शहर दाखवायचं आहे. आम्ही नाशिकचे. आई गाणं शिकलेली आहे, बाबांचे गुडघे दुखतात. चेन्नई की कोलकाता?

मृदगंध

दोन्ही जागा डिसेंबरात छान. कोलकात्याला जायचं तर नागपूरमार्गे जाणारी हावडा मेल नाशिक रोडला थांबते, गाडी बदलायची कटकट नाही. कुमारटुलीत त्या दिवसांत सरस्वतीच्या मूर्ती घडत असतात. बांबूच्या सांगाड्यावर भाताचा पेंढा सुतळीने आवळून आधी शरीर बांधतात, मग मातीचे हात देतात. पेणचं काम पाहिलेल्यांना हे पेंढ्याचं काम नवं वाटेल. पण गल्ल्या अरुंद आणि ओबडधोबड आहेत, बाबांच्या गुडघ्यांचा विचार करा. लाँचवर चढ-उतार करतानाही हात धरावा लागेल.

रातराणी

आई गाणाऱ्या असतील तर डोळे मिटून चेन्नई. मार्गळी महिन्याचा संगीतोत्सव डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत चालतो. बऱ्याच सभांमध्ये (तिथल्या संगीत संस्थांना सभा म्हणतात) सकाळच्या आणि दुपारच्या मैफलींना तिकीट नसतं, संध्याकाळच्यांना असतं. सकाळी-दुपारी तरुण गायक गातात आणि पुढच्या रांगेतल्या आज्या मांडीवर ताल धरून बसलेल्या असतात. त्यांच्या शेजारी आईंना बसवा. मैलापूरला उतरा. कपालीश्वराचं देऊळ, तळ्याकाठचा भाजीबाजार, फिल्टर कॉफी, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आणि रस्ता सपाट. पहाटे दारादारांत कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढत असतात, त्या आधी उठा. ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरातही एखाद्या दिवशी गाठतो, छत्री असू द्या.

येरळाकाठ

सभांची जेवणाची कॅन्टीनं चुकवू नका, केळीच्या पानावर वाढतात. आणि साहुकारपेटला या. कालिकांबाळला बाबांना बसायला जागा आहे, जिने नाहीत. निघायच्या आधी इथं कळवा, वडील स्टेशनवर येतील.

आईबाबांसोबत

चेन्नई ठरली. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली तंबोरा न्यायचा का. तिकिटं उद्या काढतो. येरळाकाठ, तारीख तुम्हाला व्यक्तिगत निरोपात कळवतो.